सोमवारी सकाळी कुठं?

आत्तीच्या धाकटीचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात उद्यमनगरात होतो, व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, एका पंपाच्या बॉडीचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) लागलेला आणि अजून तासभर तरी मशीनजवळनं हलता येणार नव्हतं. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला. "दादा, मी कॉलेज सोडतो." हुपरीची पोरगी आहे. आमच्याकडं पोरी पण 'जातो', 'करतो', 'सोडतो' असंच बोलतात, पुण्यात लोक ह्याला हसतात म्हणून आधीच सांगून ठेवलं. मी म्हटलं, सोडतो का सोडू? तर म्हणाली, तेच विचारायला फोन केलाय.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री. सकाळची एसटी धरून कोल्हापूर, दुपारी परत. घरी चांदीचं काम. हुपरीत हे घराघरात चालतं, आत्ती आणि मामंजी, म्हणजे तिचे यजमान, दोघंही पैंजणाच्या कड्या जोडत बसतात, आणि ही पोरगी चौथीत असल्यापासून चिमट्यानं कडी उचलायला शिकलेली. गेल्या वर्षी तिनं इन्स्टावर एक पेज काढलं, पैंजणांचे फोटो टाकायला लागली, महिन्याला चार-पाच ऑर्डरी येतात. मग मी म्हटलं, हे करायचंय का तुला? तर तसंही नाही. "मला काय करायचंय तेच कळत नाही दादा, मग हे कशाला करतोय मी?"

आत्तीचं दुखणं आणखी वेगळं. २०२४ पासून सरकारनं इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या कोर्सला पोरींची फी माफ केली, ठरावीक प्रवर्ग आणि उत्पन्न ८ लाखाच्या आत असलं की झालं. तर आत्तीचं टुमणं असं की फुकट होतं तिथं गेली नाही आणि पैसे भरून बीएस्सी करतीया आणि आता तेपण नको म्हणतीया. आत्तीशी ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, मी तरी घालत नाही.

मी लगेच काही बोललो नाही. एक तर मशीनचा आवाज होता, आणि दुसरं म्हणजे 'काय करायचंय तेच कळत नाही, मग हे कशाला' हे वाक्य मी स्वतः २०११ च्या पावसाळ्यात घरातल्या प्रत्येकाला एकेकदा म्हणून दाखवलेलं होतं.

तेव्हा मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि निकाल लागला तेव्हा कळलं की आपण वायडी. ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांच्यासाठी, वायडी म्हणजे इयर डाऊन, विषय इतके राहिले की एटीकेटीत पण बसत नाहीत आणि पुढच्या वर्षाला जाता येत नाही. आख्खं वर्ष घरी, फक्त परीक्षा द्यायची. माझे चार राहिले. २ एप्रिलला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा आम्ही शिवाजी चौकात पहाटेपर्यंत नाचलो होतो, त्यामुळं मॅथ्स थ्रीला आईला सांगायला एक कारण तरी मिळालं. बाकी तीन विषयांना कारण नव्हतं. खरं कारण हे होतं की मी तिथं का आहे हेच मला माहीत नव्हतं. बारावीला बरे मार्क पडले, गल्लीतली दोन पोरं गेलेली, आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं जातोस का, मी म्हटलं जातो. एवढ्यावर चार वर्षांचा सौदा झालेला. लग्न ठरवताना सुद्धा लोक ह्याच्यापेक्षा जास्त चौकशी करतात.

तर मी जाहीर केलं, सोडणार. आणि पुरावा म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांना पुढं केलं. आमच्या हातकणंगले तालुक्यातलेच, कुंभोजचे, शिकायला कोल्हापुरात आले, बोर्डिंगातनं काढून टाकलं, शिक्षण अर्धवट राहिलं, आणि तरी एवढा मोठा माणूस. त्यांनी कुठं डिग्री घेतली? आबा, म्हणजे आजोबा, सोप्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "व्हय. आन् मोठा झाल्यावर काय काढलं रं त्यांनी? शाळाच काढल्या न्हवं? १९१९ साली कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, ती काय पोरं शाळा सोडाय पायजेत म्हणून?" ह्याच्यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

आबांचं हे सगळं पाठ होतं. दसरा चौकातनं जाताना बोर्डिंगांच्या इमारती आल्या की ते शाहू महाराजांवर यायचेच, १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला महिन्याला १ रुपया दंड. हे ते असं सांगायचे जसं काय दंडाची पावती त्यांच्याच खिशात आहे. मी एकदा म्हटलं होतं, आबा, पण पोराला विचारायचे का, तुला जायचंय का म्हणून? तर म्हणाले, गुरं राखायला धाडताना तरी कोण विचारत होतं.

आण्णा एसटीत कंडक्टर. ते भांडले नाहीत. रात्री ड्युटीवरनं आले, जेवले, आणि हात धुऊन टॉवेलला पुसत म्हणाले, "मधल्या स्टॉपला उतरणाऱ्याला कंडक्टर कारण विचारत न्हाई. उतर की. फकस्त परत बसायचं असंल तर नवीन तिकीट लागतंय, आन् ती गाडी तीच असंल आसं न्हाई." आणि झोपायला गेले.

मग मी उतरायला गेलो, तर दारच उघडेना. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन म्हटलं ॲडमिशन कॅन्सल करायचंय, ओरिजिनल कागदपत्रं द्या, दहावी-बारावीची मार्कलिस्ट, लिव्हिंग सर्टिफिकेट, सगळं त्यांच्याकडंच. खिडकीतला माणूस म्हणाला, राहिलेल्या वर्षांची फी भरा आणि घेऊन जा. म्हणजे जे वर्ष मी शिकणार नाही त्याची पण फी. मी म्हटलं हे कुठल्या नियमात बसतं, तर म्हणाला साहेबांना भेटा, साहेब म्हणाले अर्ज करा, अर्ज केला तर म्हणाले बघू. त्यांचं सीट मोकळं राहणार होतं म्हणून माझी दहावीची मार्कलिस्ट ओलीस. नंतर २०१८ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, स्पष्ट काढलं की संस्थांनी मुलांची ओरिजिनल कागदं अडकवून ठेवायची नाहीत, बघून, तपासून परत द्यायची, आणि प्रवेश रद्द करणाऱ्याला फी किती परत द्यायची ह्याचेपण नियम घातले. मला उपयोग नव्हता, सात वर्षं उशीर. पण आज कुणाला कॉलेज असं अडवत असेल तर हे माहीत असावं, नाहीतर खिडकीतला माणूस म्हणेल तेच खरं वाटतं. मला वाटलेलं.

तर मी धड आत नाही, धड बाहेर नाही. अशा अवस्थेत आईनं मला मामाकडं धाडलं, घरात बसून खाटेला भोकं पडायला लागली म्हणून.

मामाचं पॅटर्नचं दुकान ह्याच गल्लीत, जिथं आज माझं मशीन आहे तिथनं चार शटर पलीकडं. कोल्हापूरबाहेरच्यांना पॅटर्न म्हणजे काय हे सांगावं लागतं. फाउंड्रीत लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा असला की आधी त्याच्या आकाराचा लाकडाचा नमुना लागतो, तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी उरते तिच्यात रस ओततात. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत जे काय ओतलं जातं त्याची सुरुवात अशा एखाद्या दुकानात होते. मामा सातवी झालेला. सागवान, रंधा, पटाशी, कानस, फटी बुजवायची लांबी, पॉलिश पेपर, आणि सगळीकडं भुसा, चहात पण भुसा.

पहिल्या दिवशी मी गेलो आणि मोठ्या तोंडानं सांगितलं की मी कॉलेज सोडतोय. मामानं एकच विचारलं, "सोडलंस. बरं. सोमवारी सकाळी आठला कुठं असणार?" मी म्हटलं, मामा, मी पुढच्या आयुष्याचं बोलतोय. "ते मला बी म्हाईत न्हाई की," मामा म्हणाला, "माझ्याबी न्हाई. सोमवारचं सांग." मला सांगता येईना. "मग हितं ये," म्हणाला. पगार किती ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मामानं मला पहिल्यांदा स्वतंत्र काम दिलं. मशीनच्या एका पट्टीसारख्या बेडचा पॅटर्न, लांबी ६०० मिलिमीटर, दोन्ही टोकांना मशिनिंगला ३-३ मिलिमीटर जास्त ठेवायचं. म्हणजे ६०६. मी माझ्या कॉलेजच्या बॅगेतली स्टीलची पट्टी काढली, मोजलं, कापलं, घासलं, इतकं गुळगुळीत केलं की मामानं हात फिरवून मान डोलवली. फाउंड्रीत गेला, कास्टिंग आलं, तिथनं मशीनशॉपला गेलं. आणि दोन दिवसांनी मशीनवाला कास्टिंग हातगाड्यावर घालून आमच्या दारात घेऊन आला आणि आपटलं. दोन्ही टोकांना काळं राहिलेलं. म्हणजे टूल फिरवला तरी खालची चकाकी निघालीच नाही, फाउंड्रीची कातडी तशीच, कारण कापायला मालच शिल्लक नव्हता.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस गार होताना आकसतो, साधारण शंभराला एक. ६०० ला ६ मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, श्रिंकेज स्केल, दिसायला साध्या पट्टीसारखी, आकडे तेच, पण तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर किंचित मोठा. बिडाची वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी, स्टीलची वेगळी. मामाच्या भिंतीला तीन पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या, रोज माझ्या डोळ्यासमोर.

लाज कशाची वाटली सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हा प्रश्न होता, 'पॅटर्न अलाउन्सेस स्पष्ट करा', म्हणजे पॅटर्नच्या मापात आधीच काय काय धरून ठेवायचं ते. श्रिंकेज, ड्राफ्ट, मशिनिंग, डिस्टॉर्शन, रॅपिंग, पाचही मी ओळीनं लिहिलेले, आकृतीसकट. त्या विषयात मी पास होतो! उत्तर मला पाठ होतं आणि ते ह्या दुकानाबद्दल आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मामा ओरडला नाही. कास्टिंगच्या काळ्या टोकावर खडूनं गोल काढला आणि ते दुकानाच्या दारात उंबऱ्याशेजारी ठेवलं, तिथंच ते वर्षभर होतं, येणारे-जाणारे त्याच्यावर बसून चहा प्यायचे.

आता इथं लोकांना असं वाटतं की पुढचं वाक्य 'कॉलेजात काही शिकवत नाहीत, खरं शिक्षण दुकानात' असं येणार. नाही येणार. कारण त्याच दिवाळीच्या आधी पुण्याचं एक नवीन गिऱ्हाईक आलं, चांगलं मोठं काम, आणि ड्रॉइंग घेऊन आलं ते कॉम्प्युटरवरचं. मामानं ते कागद उजेडाला धरून उलटसुलट बघितलं आणि मला हळूच विचारलं, "ह्या चौकटीतलं काय लिवलंय रं?" जिओमेट्रिक टॉलरन्सची चिन्हं होती, सपाटपणा, काटकोन, मध्य कुठं धरायचा ते. मला येत होतं. पूर्ण नाही, पण येत होतं. मी सांगितलं, मामानं ऐकलं आणि मग रंधा हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. नंतर म्हणाला, "गेल्या साली आसंच एक आलतं. कळलं न्हाई म्हणून नको म्हटलं. इचारायची लाज वाटली." तीस वर्षं काम केलेला माणूस. सातवीतनं सुटला त्याचं त्यानं कधी दुःख केलेलं मी बघितलं नव्हतं, त्या दिवशी पण केलं नाही, फक्त दुपारी डबा अर्धा ठेवला.

मी परत गेलो त्याचं कारण हे एकच होतं असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण खोटी होईल. कागदं अडकलेली हे एक कारण. भुशानं शिंका यायच्या हे एक. आणि ऑक्टोबरात परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली तेव्हा मी सायकल काढून गेलो आणि चलन भरून आलो, कुणाला न सांगता, हाताला लांबी लागलेली तशीच. मी परत जाणार असं ठरवलेलं नव्हतं. नुसता फॉर्म भरला. मामानं विचारलं कुठं गेलतास, मी म्हटलं पंक्चर काढायला.

आजूबाजूला बघतो तर उलटी केस जास्त. न कळल्यामुळं सोडणारे थोडे, न कळल्यामुळं शिकत राहणारेच खंडीभर. बीए झालं, पुढं काय माहीत नाही म्हणून एमए, एमएनंतर बीएड, मध्ये एमपीएससी, पहाटे विद्यापीठाच्या माळावर भरतीचं पळणं, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, आणि वय एकतीस. ह्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तू हे कशाला करतोयस, कारण 'शिकतोय' म्हटलं की घरचे गप्प बसतात आणि सोयरीक आणणारे थांबतात. माझा एक जिगरी दोस्त असा सात वर्षं थांबला, आणि दुसरा पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंगवर पाणी सोडून गेला तो आज हायवेला मटणाचं हॉटेल चालवतो, त्याचा तांबडा रस्सा खायला आमचे जुने सर येतात. पण त्याच्या बापाची हॉटेलची जागा होती हेही सांगायला पाहिजे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं उदाहरण देताना ती जागा कुणी धरतच नाही.

हे सगळं फोनवर सांगता येत नव्हतं. मी तिला कामाचं तेवढं सांगितलं. की आता २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणात मधनं बाहेर पडायची सोय आहे, एक वर्ष झालं की सर्टिफिकेट, दोन झाली की डिप्लोमा, तीनला डिग्री, चारला ऑनर्स, आणि मिळवलेले क्रेडिट तुझ्या नावावर खात्यात राहतात, नंतर परत जोडून घेता येतं. कागदावर तरी असं आहे, तुझ्या कॉलेजात प्रत्यक्ष कसं करतात ते ऑफिसात लेखी विचार, तोंडी विचारू नको. आणि हे वर्ष अर्ध्यात सोडण्यापेक्षा वर्षाच्या टोकाला सोड, म्हणजे हातात काहीतरी राहील. आणि अगदीच काम करत शिकायचं झालं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ह्यासाठीच आहे. ती हूं हूं करत होती. आमच्या वेळी ह्यातलं एक पण दार असतं तर मी कदाचित पंक्चरचं खोटं बोललो नसतो.

मग मी मामाचा प्रश्न काढला. "बरं, सोडलंस. सोमवारी सकाळी आठला कुठं असणार?"

ती थांबली. मागं चांदीच्या कड्यांचा आवाज येत होता, आत्ती काम करत असणार, वाटीत कडी पडली की बारीक टिंग वाजतं.

"घरात. आईजवळ. कड्या जोडत."

"आणि मंगळवारी?"

"तेच." मग जरा वेळानं, "वाईट नाही वाटत तसं, हाताला येतंय ते. पण ह्या सोमवारी नाही जमायचं. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल आहे, थेंब थेंब सोडून रंग बदलतो तिथं थांबायचं. मी नाही गेलो तर माझी पार्टनर एकटी पडते, तिला एंड पॉइंट कळत नाही, लगेच गडद गुलाबी करून टाकते."

"तुला कळतो?"

"मला कळतो की," म्हणाली, आणि आवाज पहिल्यांदा जरा वर गेला. "एक थेंब आधी थांबायचं असतं. हात हलका पाहिजे. कडी उचलतो तसा."

मी मशीनकडं बघितलं, अजून वीसेक मिनिटं होती. सहज विचारलं, परीक्षेचा फॉर्म?

"भरलाय. मंगळवारीच."

"मंगळवारी? म्हणजे सोडायचं ठरवून मग भरलास, का भरून मग ठरवलंस?"

"लेट फी लागली असती दादा," ती म्हणाली, "ते असूदे. तू सांग, सोडू का नको?"